कांड्या भरलेल्या, तरी फोन का तुटतो?

भवानीनगर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बचत गटांतर्फे आम्ही बोलतोय. आज हप्ता नाही, व्याज नाही, शेळीपालनही नाही. आज बोलायचंय फोनबद्दल. फोन कमी वापरा, पोरांच्या हातात देऊ नका, असलंही काही सांगणार नाही. चालत्या गाडीत बोलता बोलता फोन मधेच तुटतो, तो का तुटतो आणि त्याचं काय करता येतं, एवढंच.

विषय निघाला तो आमच्या महिन्याच्या बैठकीत. एका ताईंची मुलगी बारामतीला कॉलेजला जाते, संध्याकाळच्या एसटीनं परत येते. गाडी सुटली की आईला फोन, हा रोजचा नेम. त्या दिवशी पोरगी म्हणाली, "आई, गाडीत एक माणूस..." आणि फोन कट. ताईंनी लावला, तर व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. दहा मिनिटं हेच. ताई तव्यावरची भाकरी तशीच टाकून फाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. एसटी आली, पोरगी उतरली, हातात पिशवी. गाडीत भेटलेला माणूस तिच्या मामाच्या गावचा निघाला. आजीनं दिलेल्या भुईमुगाच्या शेंगा त्यानं तिच्या हवाली केल्या होत्या!

आम्ही सगळ्या हसलो. तेव्हा कोपऱ्यातल्या एक काकू म्हणाल्या, "तुम्ही हसताय, आमच्यावर वेळ आली होती." त्यांच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. ओळखीची जीप करून बारामतीकडे निघाले. आशाताई फोनवर होत्या, कुठे डॉक्टर हजर आहेत ते विचारून सांगत होत्या. "तिकडे नेऊ नका, तिथं आज..." एवढंच ऐकू आलं आणि आवाज गेला. जीप आधी ठरलेल्या ठिकाणी गेली आणि तिथून माघारी फिरली. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण वाया गेलेल्या त्या वेळाची आठवण निघाली की काकूंच्या अंगावर अजून काटा येतो.

दोघींना विचारलं, फोन तुटला कुठे? जागा एकच निघाली. कॅनॉलच्या पुढचं एक वळण. मग बाकीच्याही बोलायला लागल्या. "आमचाही तिथंच तुटतो." "आमचा जरा पुढं."

आम्ही कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन केला. पहिल्यांदा उत्तर आलं, तुमच्या भागात नेटवर्क चांगलं आहे, फोन बंद करून चालू करा. दुसऱ्यांदा उत्तर आलं, तुमचा हँडसेट जुना असेल. कंपनीचं नाव घेत नाही, कारण आमच्या बायकांत तीन-चार कंपन्यांची सिमं आहेत आणि रडगाणं सगळ्यांचं सारखंच आहे.

आमच्या एका गटातल्या मावशींचा भाचा काही वर्षं टॉवरच्या देखभालीच्या कामावर होता. तो सुट्टीला आला तेव्हा त्याला बैठकीला बसवलं. सगळं ऐकून घेतलं आणि त्यानं एकच प्रश्न विचारला, "मावशी, फोन तुटल्या तुटल्या रेंजच्या कांड्या किती दिसतात?" हे कुणीच बघितलं नव्हतं. कॉलेजची पोरगी मात्र म्हणाली, "भरलेल्या असतात. म्हणून तर मी लगेच परत लावते."

"मग तिथं टॉवर नाही असं नाही," भाचा म्हणाला. "टॉवर आहे. एका टॉवरनं तुमचा फोन दुसऱ्याच्या हवाली करायला उशीर केला."

आजचा विषय तो हाच. टॉवर नसणं वेगळं आणि हवाली करायला उशीर होणं वेगळं. आपण दोन्हीला "रेंज नाही" म्हणतो आणि तिथंच आपली तक्रार चुकते.

आधी टॉवरचं बघू. आमच्यासारख्या मोकळ्या रानात एक टॉवर साधारण दोन-चार किलोमीटरचा टापू सांभाळतो, शहरात तर काहीशे मीटरचाच. एका खांबावर बहुधा तीन दिशांना तीन तोंडं असतात आणि प्रत्येक तोंडाचा भाग वेगळा. म्हणजे भवानीनगरहून बारामतीला जाताना, काटेवाडी मागे टाकून शहरात शिरेपर्यंत, आपला फोन कितीतरी वेळा एकाकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. हे सोपवणं म्हणजे हँडओव्हर. आपल्याला पत्ता लागत नाही, इतकं ते झटपट होतं. पत्ता लागतो तो चुकलं तरच.

जमिनीचे असे छोटे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाला एक टॉवर द्यायचा, ही कल्पना अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ साली मांडली गेली. पण बोलणं चालू असताना माणूस एका तुकड्यातून दुसऱ्यात गेला तर काय? तिथल्याच एमॉस जोएल नावाच्या इंजिनिअरनं यावर तोड काढली आणि १९७२ साली त्याचं पेटंट त्यांना मिळालं. ही तोड निघाली नसती, तर मोबाईल नुसता नावाचा मोबाईल राहिला असता, एका जागी उभं राहून बोलायचा! आपल्या देशात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला, कोलकात्याहून दिल्लीला. तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणी पाटी-दप्तराच्या होत्या आणि गावात फोन म्हणजे एसटीडीचा पिवळा बूथ.

आता हवाली करणं म्हणजे काय, ते घमेल्यावरून बघू. स्लॅब टाकताना बायका ओळीनं उभ्या राहतात आणि घमेली हातोहात पुढे जातात. पुढचीनं नीट धरल्यावरच मागचीनं हात सोडला, तर घमेलं पडत नाही. मागचीनं आधी सोडलं आणि पुढचीनं नंतर धरलं, तर मधला क्षणभर घमेलं अधांतरी असतं. तो क्षण अगदी लहान असला तर चालून जातं. थ्रीजीच्या काळात फोन पहिल्या पद्धतीनं चालायचे, एकाच वेळी दोन-तीन टॉवरांचा हात धरून. ते थ्रीजी आता बहुतेक कंपन्यांनी बंद केलंय. आज आपण वापरतो त्या फोरजीत फोन दुसऱ्या पद्धतीनं जातो. आधीचा टॉवर सुटतो, मग पुढचा धरला जातो. मधला अधांतरी वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. कानाला कळतही नाही.

तुम्ही म्हणाल, मग तुटतो कसा? तर गोची त्या क्षणात नसते, त्याच्या आधीच्या तयारीत असते.

आपण बोलत असताना फोन सारखा आजूबाजूच्या टॉवरांचा जोर मोजत असतो. शेजारचा टॉवर आपल्या टॉवरपेक्षा ठरावीक मापानं जोरकस झाला, आणि ठरावीक वेळ तसाच जोरकस राहिला, की फोन आपल्या टॉवरला कळवतो, "शेजारचा आता बरा वाटतोय." आपला टॉवर शेजारच्याला विचारतो, "हिला घेता का? जागा आहे का?" शेजारचा जागा राखून ठेवतो आणि हो म्हणतो. मग आपला टॉवर फोनला हुकूम देतो, "जा आता तिकडे." फोन जातो, तिकडे आपली ओळख पटवतो, आणि मधल्या वेळात इकडे आलेले शब्द जुना टॉवर नव्याकडे पाठवून देतो. सगळं मिळून सेकंदाच्या आत-बाहेरचा खेळ.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. जाण्याचा हुकूम जुन्या टॉवरकडून येतो. म्हणजे ज्या टॉवरचा आवाज आता क्षीण होत चाललाय, त्याच्याकडूनच "जा" हा शब्द ऐकू यावा लागतो. तो फार उशिरा बोलला, तर फोनला ऐकूच येत नाही. शेजारी दणदणीत टॉवर उभा असतो, पण फोन हुकमाची वाट बघत जुन्याला चिकटून बसलेला. थोडा वेळ वाट बघतो, परत जुळवायचा प्रयत्न करतो, नाही जमलं तर बोलणं तुटतं. आणि तुटल्यावर फोन मोकळा होतो. बोलणं चालू नसताना त्याला कुणाच्या हुकमाची गरज नसते, तो आपला आपण सगळ्यात जोरकस टॉवर धरतो. म्हणून तुटल्या तुटल्या कांड्या भरलेल्या दिसतात. पोरगी बरोबर बोलत होती.

आमच्या मावशींना हे लगेच पटलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे सासूच्या परवानगीशिवाय निघायचं नाही, आणि सासूला नीट बोलता येईना." आम्ही हे असंच लिहून ठेवलंय, कारण याहून सोपं आम्हाला सांगता आलं नसतं.

मग टॉवर लवकर का बोलत नाही? आम्हीही हेच विचारलं. भाच्यानं बँकेतल्या रांगांचं उदाहरण दिलं. दोन खिडक्या आहेत. शेजारची रांग जरा पुढे सरकली की तुम्ही तिकडे जाता, मग ही सरकते, तुम्ही इकडे येता. शेवटी दोन्हीकडे मागे राहता. फोनचंही तसंच होतं. शेजारचा टॉवर जरासा बरा वाटला की लगेच उडी मारायची म्हटलं, तर दोघांच्या मधल्या पट्ट्यात फोन इकडून तिकडे उड्याच मारत राहतो. प्रत्येक उडीत थोडा अधांतरी वेळ आणि पडायची थोडी भीती. म्हणून कंपन्या मधे अंतर ठेवतात. शेजारचा समजा ३ डेसिबलनं, म्हणजे ताकदीत दुप्पट, झाला तरच हलायचं, आणि तेही काही काळ तसाच टिकला तर. हे अंतर फार कमी ठेवलं तर उड्या, फार जास्त ठेवलं तर उशीर. गर्दीच्या बाजारपेठेत जे माप बरोबर, ते साठच्या वेगानं जाणाऱ्या एसटीला बरोबर असेलच असं नाही.

हिशेब करून बघितला. साठच्या वेगानं एसटी सेकंदाला साधारण सतरा मीटर पुढे जाते. सपाट रानात सतरा मीटरनं काही बिघडत नाही. पण त्या दुप्पट ताकदीच्या अटीचा हिशेब वेगळा आहे. मोकळ्या रानात टॉवरचा जोर हळूहळू उतरतो. दोन टॉवर चार किलोमीटर अंतरावर असले, तर बरोबर मध्यावर दोघं सारखे असतात, आणि दुसरा दुप्पट व्हायला अंदाजे आणखी दोनशे मीटर पुढे जावं लागतं. त्या दोनशे मीटरांत रस्ता सरळ मोकळा असला तर निभतं. पण तिथंच वळण आलं, पुलाचा भराव आला, कारखान्याची पत्र्याची शेड किंवा झाडांची दाटी आली, की जुन्या टॉवरचा जोर एकदम कोसळतो. आणि ऊस! पाण्यानं भरलेली हिरवी पानं रेडिओलहरी पितात. लागणीच्या दिवसांत बोलणं नीट होतं आणि तोच ऊस डोक्यावर गेला की तुटतं, हा अनुभव आमच्या रानातल्या बायकांना जुना आहे. त्याचं कारण आत्ता कळलं.

उशिराची आणखी दोन कारणं आहेत, ती थोडक्यात. शेजारचा टॉवर वेगळ्या लहरींवर चालत असेल, म्हणजे हा ९०० मेगाहर्ट्झवर आणि तो १८०० किंवा २३०० वर, तर फोनला बोलणं क्षणभर थांबवून तिकडे कान लावावा लागतो. दर ४० किंवा ८० मिलिसेकंदांमागे ६ मिलिसेकंद. एवढ्याशा फटीतून ऐकायचं, म्हणून मोजणीला वेळ जास्त लागतो. आणि फोन इतका जुना असेल की त्या लहरी त्याला ऐकूच येत नाहीत, तर त्याच्या लेखी तो टॉवर नाहीच. म्हणजे "हँडसेट जुना असेल" हे उत्तर अगदीच खोटं नव्हतं. पण आमच्यात नवे फोनही होते आणि तेही तिथंच तुटत होते, हे मात्र त्यांनी ऐकून घेतलं नाही.

दुसरं कारण गर्दी. शेजारच्या टॉवरकडे जागाच नसली तर तो नाही म्हणतो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरला मुक्कामाला येते, दुसऱ्या दिवशी बेलवाडीला रिंगण होतं आणि पालखी अंथुर्ण्याला जाते. त्या दोन दिवसांत फोन कसा चालतो ते तुम्हाला सांगायला नको. तिथं माप बदलून भागत नाही, जागाच वाढवावी लागते. कुंभमेळ्यासारख्या गर्दीत कंपन्या चाकावरचे टॉवर आणून उभे करतात, ते त्यासाठीच.

हे सगळं ऐकल्यावर आम्ही ठरवलं, आपणच बघू. तिघीजणी, तीन वेगळ्या कंपन्यांचे फोन, एक वही. एसटीत बसायचं, घरी फोन लावून सलग बोलत राहायचं. बोलायला विषय कमी पडले नाहीत, हे काही वेगळं सांगायला नको. तुटला की तीन गोष्टी लिहायच्या. जागा कुठली, म्हणजे जवळचा किलोमीटरचा दगड किंवा खूण. तुटल्यावर लगेच कांड्या किती. आणि गाडी कुठल्या दिशेला चालली होती.

दिशेचं भाच्यानं मुद्दाम सांगितलं होतं आणि सगळा उलगडा तिथंच झाला. बारामतीकडे जाताना एक फोन त्या वळणाच्या पुढे तुटायचा. परत येताना तोच फोन वळणावर न तुटता, भवानीनगरच्या बाजूला बराच अलीकडे तुटायचा. जागा गाडीच्या तोंडाकडे सरकत होती. टॉवरच नसता तर जाता-येता दोन्ही वेळा एकाच जागी तुटला असता. सरकते म्हणजे उशीर. याउलट, दुसऱ्या एका कंपनीचा फोन एका ठिकाणी जाताना आणि येताना त्याच झाडापाशी तुटत होता, आणि पुढे बराच वेळ एकही कांडी येत नव्हती. तो खरा खड्डा. तिथं सेटिंग बदलून काही होणार नाही, टॉवरच हवा.

आम्ही बी.ए. झालेलो, विज्ञान दहावीलाच सुटलं. पण वहीतली ती दोन पानं बघून जो आनंद झाला, तो सांगता येत नाही.

आता सरकारी बाजू. देशात फोन कंपन्यांवर लक्ष ठेवायला भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण आहे, त्याला ट्राय म्हणतात. शंभर कॉलमागे दोनपेक्षा जास्त तुटू नयेत, हा त्यांचा बरीच वर्षं चालत आलेला दंडक. पण हे शंभर कॉल कुठले? तर पूर्ण सर्कलमधले. मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल. एवढ्या मोठ्या सरासरीत आमचं कॅनॉलजवळचं वळण कुणाला दिसणार? हे ट्रायच्याही लक्षात आलं आणि २०१७ पासून नुसती सरासरी न बघता टॉवर आणि दिवसवार हिशेब बघायला सुरुवात झाली. त्याआधी, प्रत्येक तुटलेल्या कॉलमागे ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये भरपाई द्यावी, असा नियम १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला होता. कंपन्या कोर्टात गेल्या आणि ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. आमच्यातल्या एकजण म्हणाल्या, "रोजचे तीन रुपये मिळाले असते तर बचतीत टाकले असते." तीन रुपयांनी त्या काकूंची जीप वेळेवर पोचली नसती, हेही खरं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायचे नवे नियम लागू झाले. त्यात कंपन्यांनी आपलं नेटवर्क कुठे कुठे आहे, याचा नकाशा आपल्या वेबसाईटवर दाखवायचा आहे. चांगलंच आहे. पण गोम बघा. आमच्या वळणावर टॉवरचा जोर आहेच, तेव्हा नकाशात ती जागा नेटवर्क असलेलीच दिसणार. नकाशा उभ्या माणसाचा आहे आणि आपण तर एसटीत बसलेलो!

अजून एक मेख आहे. फोन जोडलेला दिसतो, सेकंद पुढे पळतात, पण आवाज नाही. आपण "हॅलो हॅलो" करतो आणि कंटाळून स्वतःच लाल बटण दाबतो. असा कॉल तुटलेल्यांत धरला जात नाही, कारण तो आपण बंद केला. म्हणून तक्रार करताना "फोन तुटला" आणि "आवाज गेला म्हणून आम्ही बंद केला" हे वेगवेगळं सांगा.

तंत्रज्ञान पुढे चाललंय, तेही सांगतो. फाइव्हजीच्या नियमावलीत २०२० साली एक सुधारणा आली. जुना टॉवर आवाज खणखणीत असतानाच सांगून ठेवतो, "पुढचा टॉवर अमुक, तुझी जागा राखलीय, अमुक इतका जोर दिसला की माझ्या हुकमाची वाट बघू नकोस, तू जा." मावशींच्या भाषेत, सासूनं सकाळीच परवानगी देऊन ठेवली. दुसरी सुधारणा म्हणजे नवा टॉवर पक्का धरेपर्यंत जुना सोडायचाच नाही, आपल्या घमेल्याची पहिली पद्धत. नियमावलीत आलं म्हणजे लगेच आपल्या रस्त्यावर आलं असं नव्हे. पण आमच्या रस्त्याला एवढ्या हुशारीची गरजही नाही. बारामती-इंदापूर हा सरळ पालखी मार्ग आहे. गाडी या टॉवरवरून कुठल्या टॉवरकडे जाणार हे रोजचं ठरलेलं. त्या दोन टॉवरांमधलं माप जरा सैल केलं, तरी फरक पडावा, असं भाच्याचं म्हणणं.

तोवर आपल्या हातात काय आहे? फार नाही, पण आहे.

सगळ्यात आधी घरात ठरवा. फोन तुटला तर ज्यानं लावला होता त्यानंच परत लावायचा, दुसऱ्यानं थांबायचं. त्या दिवशी दहा मिनिटं व्यस्त का लागत होता? माय-लेकी एकाच वेळी एकमेकींना लावत होत्या! आमच्या गटात आता हा नियम झालाय. दुसरं, महत्त्वाचं असेल ते पहिल्या वाक्यात बोला. "जेवलीस का" नंतर. तिसरं, फोनच्या सेटिंगमध्ये व्होल्टे चालू आहे का ते पोरांकडून बघून घ्या. ते बंद असेल तर काही कंपन्यांचे फोन प्रत्येक कॉलला फोरजी सोडून जुन्या टूजीवर उतरतात आणि लागायलाच वेळ खातात. आवाज गेला तर "हॅलो हॅलो" करत बसू नका, बंद करून परत लावा. नव्यानं लावताना फोन जोरकस टॉवर आपला आपण धरतो. निरोपच द्यायचा असेल तर एसएमएस करा. समोरचा फोन नेटवर्कबाहेर असला तरी तो कंपनीकडे थांबून राहतो आणि मग पोचतो.

आणि अडीअडचणीच्या वेळी, पेशंट गाडीत असेल तर, बोलण्यापुरती गाडी थांबवा. जिथं कांड्या आहेत तिथं, एक मिनिट. तुटलेल्या तीन कॉलांपेक्षा ते मिनिट स्वस्त पडतं. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. पण पडद्यावर फक्त आपत्कालीन कॉल करता येईल असं दिसत असेल, तर ११२ लावा. आपल्या कंपनीचा टॉवर नसला तरी हा फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. एरवी तसं होत नाही. शेजारी दुसऱ्या कंपनीचा टॉवर डोळ्यांना दिसत असला, तरी आपलं बोलणं त्याच्या हवाली केलं जात नाही, हेही बऱ्याच जणींना माहीत नव्हतं.

तक्रार १९८ वर करायची, फुकट असते. तक्रार क्रमांक मागून लिहून घ्यायचा. उत्तर पटलं नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय एकेकाची तक्रार थेट सोडवत नाही, पण त्यांचं मायकॉल नावाचं ॲप आहे, त्यात प्रत्येक कॉल कसा झाला ते नोंदवता येतं.

आम्ही दुसऱ्यांदा तक्रार केली ती वही समोर ठेवून. "नेटवर्क नाही" म्हटलंच नाही. सांगितलं, अमुक दगडापाशी, बारामतीकडे जाताना, तुटल्या तुटल्या कांड्या भरलेल्या, येताना तमुक जागी, सात वेगवेगळे फोन, तारखा या. पलीकडची मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, "मॅडम, हे मी तांत्रिक विभागाकडे पाठवते." दोन आठवड्यांनी एक माणूस गाडीत लॅपटॉप घेऊन त्या रस्त्यावर फेऱ्या मारताना आमच्यातल्या एकीनं बघितला. त्यानंतर जातानाचं तुटणं पुष्कळ कमी झालंय. येतानाचं अजून तुटतं, तरी पोरगी आता वळण यायच्या आधीच "ठेवते गं" म्हणते. दुसऱ्या कंपनीच्या खड्ड्यासाठी टॉवर मागितलाय. त्याचं नुसतं "विचाराधीन आहे" असं उत्तर आलंय, अपील करायचंय.

जागांची नावं आज सांगितली नाहीत, कारण तक्रारी अजून चालू आहेत. वही आमच्या गटाच्या कार्यालयात खिळ्याला टांगलेली असते. बारामतीच्या बाजूची पानं भरलीत. बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, निमगाव केतकी, इंदापूर, ही बाजू कोरी आहे. त्या बाजूला रोज जाणाऱ्या कुणी असाल, तर जागा, कांड्या आणि दिशा, एवढ्या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून आमच्याकडे पोचवा.